बर्फ, वारा आणि छप्पर

घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे आपलें सारें लक्ष भिंतींकडे, खोल्यांकडे आणि फार तर पायाकडे जातें. छप्पर म्हणजे शेवटीं चढवावयाचें झांकण, एवढीच त्याची किंमत आपल्या मनांत असते. वास्तविक पाहतां निसर्गाशीं घराचा जो नित्याचा सामना चालतो, त्यांत पहिला आघात झेलतें तें छप्परच. आपल्या महाराष्ट्रांत हा सामना ऊन, पाऊस आणि वारा यांच्याशीं असतो. काश्मीर, हिमाचल प्रदेश, लाहौलचें खोरें, किंवा युरोप-अमेरिकेंतील थंड मुलूख येथें त्यांत आणखी एका प्रतिपक्ष्याची भर पडते. तो म्हणजे बर्फ.

आज मी आपणांपुढें एक दिसावयास अगदीं साधा प्रश्न मांडणार आहें. एका डोंगराळ गांवीं घर बांधावयाचें आहे. तेथें पन्नास वर्षांत एखादे वेळीं पडतो इतका बर्फ छपरावर सांचला तर त्याचें वजन किती होईल, हें इंजिनियरास ठाऊक आहे. तेथें पन्नास वर्षांत एखादे वेळीं सुटतो इतका सोसाट्याचा वारा सुटला तर त्याचा दाब किती होईल, हेंही त्यास ठाऊक आहे. आतां छप्पर किती मजबूत करावयाचें? दोन्ही आंकड्यांची सरळ बेरीज करावयाची, कीं त्यांतला जो मोठा असेल तेवढाच धरावयाचा? सावध मनुष्य म्हणेल, बेरीज करा, म्हणजे मागाहून चिंता नको. काटकसरी घरमालक म्हणेल, मोठा तेवढा धरा. दोन्ही संकटें एकाच वेळीं कशाला येतील? या दोघांचेंही उत्तर चूक आहे. आणि तें कां चूक आहे हें समजून घेण्यांत आजच्या विषयाचें मर्म आहे.

प्रथम या दोन भारांचे स्वभाव पाहूं. बर्फ दिसतो कापसासारखा हलका, आणि नुकताच पडलेला असतो तोंवर तो तसा असतोही. ताज्या, भुसभुशीत बर्फाचें वजन घनमीटरास सुमारें १०० किलो, म्हणजे पाण्याच्या एक-दशांश भरतें. कांहीं तास वा कांहीं दिवस गेले म्हणजे तो आपल्याच वजनानें दबतो, आणि मग तेवढ्याच जागेंत २०० किलो मावतात. आठवडेच्या आठवडे पडून राहिलेला जुना बर्फ २५० ते ३५० किलोंवर जातो, आणि पाणी शोषून ओला झालेला बर्फ ४०० किलोंपर्यंत. तेव्हां छपरावरील थराची नुसती उंची पाहून त्याच्या वजनाचा अंदाज करतां येत नाहीं. तो थर किती दिवसांचा आहे, मध्यंतरीं त्यावर पाऊस पडला आहे काय, हें विचारावें लागतें. एक मीटर जाडीचा ओला थर म्हणजे दर चौरस मीटरास ४०० किलो. एका चौरस मीटरांत सहा मोठीं माणसें दाटीवाटीनें उभीं करावीं, आणि सबंध छपरावर अशीच गर्दी महिनाभर उभी ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

जमिनीवर जेवढा बर्फ सांचतो तेवढा सगळा छपरावर राहत नाहीं. कांहीं वारा उडवून नेतो. पाखें उतरतें असल्यास कांहीं घसरून वळचणीखालीं पडतो. म्हणून जमिनीवरील भारास एका गुणकानें गुणून छपरावरचा भार काढतात. तीस अंशांपर्यंतच्या उतारास हा गुणक साधारणपणें ०.८ असतो. उतार त्यापुढें वाढत गेला म्हणजे गुणक उतरत जातो, आणि साठ अंशांच्या पाख्यावर तो शून्य होतो. काश्मीरमधील घरांचीं पत्र्याचीं छपरें एवढीं उभट कां असतात, याचा उलगडा या एका हिशेबानें होतो.

वाऱ्याचा स्वभाव अगदीं निराळा आहे. बर्फ येतो तो मुक्काम करण्यासाठीं. वारा येतो आणि निघून जातो. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. आपल्या देशांत या गणितासाठीं जी नियमावली आहे तिला ‘भारतीय मानक ८७५’ असें म्हणतात. तिचे पांच भाग आहेत. तिसरा भाग वाऱ्याचा, चौथा बर्फाचा, आणि पांचवा भार एकत्र कसे धरावे याचा. तिसऱ्या भागांत निरनिराळ्या शहरांसाठीं वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, पन्नास वर्षांत सरासरीनें एकदां येणाऱ्या, तीन सेकंदांच्या झोताचा हा वेग होय. मुंबईसाठीं तो सेकंदास ४४ मीटर धरला आहे. पुणें, शिमला आणि श्रीनगर यांच्यासाठीं ३९ मीटर. या वेगांचा दाबाच्या भाषेंत अर्थ असा कीं, मुंबईस दर चौरस मीटरास सुमारें ११८ किलो, आणि पुण्या-शिमल्यास सुमारें ९३ किलो. घराची उंची, भोंवतालची जागा आणि छपराचा आकार यांप्रमाणें यांत पुढें कमीजास्त करावें लागतें.

परंतु वाऱ्याची खरी खोड निराळीच आहे. तो छपराला नेहमींच खालीं दाबतो असें नाहीं. बहुतेक वेळां तो त्याला वर ओढतो. हें विचित्र वाटेल, पण याचा पडताळा घरबसल्या घेतां येतो. कागदाची एक लांब पट्टी ओठांशीं धरून तिच्या वरच्या अंगानें जोराची फुंकर घाला. पट्टी खालीं न जातां वर उचलली जाते. बसक्या उताराच्या छपरावरून वारा वाहतो तेव्हां हेंच घडतें. आढ्याजवळ आणि वळचणीच्या कडांना ही ओढ सर्वांत अधिक असते. पाखें जसें अधिक उभट करावें, तसें वाऱ्याच्या समोरच्या बाजूस दाब पडूं लागतो, आणि पाठीमागच्या बाजूस ओढ कायमच राहते. म्हणजे पाहा, बर्फ घसरावा म्हणून छप्पर उभट केलें तर तें वाऱ्याच्या तोंडीं जातें, आणि वाऱ्यासाठीं तें बसकें ठेवलें तर बर्फ त्यावर ठाण मांडतो. एकाला चुकवावयास जावें तर दुसऱ्याशीं गांठ पडते.

या दोन्ही भारांची खरी ओळख मनुष्यास दुर्दैवानें अपघातांतूनच झाली. स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेचा पूल १८७९ सालच्या २८ डिसेंबरच्या रात्रीं वादळांत कोसळला. त्या वेळीं त्यावरून जात असलेली आगगाडी नदींत गेली, आणि गाडींतला एकही मनुष्य वांचला नाहीं. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, पुलाचा आराखडा करणारे सर टॉमस बाउच यांनीं वाऱ्याच्या दाबासाठीं वेगळी अशी तरतूदच केलेली नव्हती. त्यानंतर फोर्थ नदीवरील नव्या पुलासाठीं दर चौरस फुटास ५६ पौंडांचा वारा धरण्याचा दंडक घालण्यांत आला. ही गोष्ट पुलाची असली तरी छपरासही लागू आहे; वारा हा मोजून हिशेबांत घ्यावयाचा भार आहे, ही जाणीव इंजिनियरांच्या धंद्यांत तेव्हांपासून पक्की झाली.

बर्फानेंही असाच धडा शिकविला. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें १९२२ च्या जानेवारींत एकसारखा बर्फ पडून सुमारें ७० सेंटिमीटर जाडीचा थर सांचला. २८ जानेवारीस रात्रीं निकरबॉकर नांवाच्या चित्रपटगृहांत खेळ चालू असतां त्याचें सपाट छप्पर प्रेक्षकांवर आलें, आणि ९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पोलंडमधील कातोवीत्से शहराजवळ २००६ सालीं योगायोगानें त्याच तारखेस, म्हणजे २८ जानेवारीस, एका मोठ्या मंडपांत कबुतरांचें प्रदर्शन भरलें होतें. तेथील सपाट छपरावर सांचलेला बर्फ काढलेला नव्हता. तें छप्पर कोसळून ६५ जण दगावले. या दोन तारखांमधील चौऱ्यांशीं वर्षांत बांधकामाचें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें होतें. बर्फाचें वजन मात्र होतें तेंच राहिलें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बर्फ आणि वारा दोन्ही आले तर काय धरावयाचें? यासाठीं ‘पन्नास वर्षांत एकदां’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पन्नास वर्षांत एकदां येणारा वारा म्हणजे बरोबर एकावन्नाव्या वर्षीं हजर होणारा वारा नव्हे. कोणत्याही एका वर्षीं तो येण्याचा संभव पन्नासांत एक, इतकाच त्याचा अर्थ. तो याच वर्षीं येईल, पुढल्याही वर्षीं येईल. उलटपक्षीं पन्नास वर्षें उभ्या राहणाऱ्या घरावर तो निदान एकदां तरी येण्याचा संभव शंभरांत सुमारें चौसष्ट आहे. म्हणजे तो यावयाचाच असें समजून चालणें शहाणपणाचें. बर्फाचेंही तसेंच.

पण दोघांची जोडी जमण्याचा संभव किती? बर्फाचा आणि वाऱ्याचा एकमेकांशीं कांहींच संबंध नाहीं असें क्षणभर धरलें, तर दोघांचीही पराकाष्ठा एकाच वर्षांत होण्याचा संभव पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजारांत एक. आणि त्या एका वर्षांतही दोघांची गांठ एकाच तासाला पडली पाहिजे. वाऱ्याचा मोठा झोत कांहीं सेकंदांचा. बर्फाचा मोठा थर कांहीं दिवसांचा वा आठवड्यांचा. म्हणून दोन्ही आंकडे पूर्ण धरून बेरीज करणें म्हणजे बहुतेक कधींच न येणाऱ्या दिवसासाठीं लांकूड आणि लोखंड खर्चणें होय.

असा जादा खर्च झाला तर बिघडलें काय, घर मजबूतच झालें, असें कोणी म्हणेल. परंतु डोंगरांतल्या गरीब कुटुंबास हा खर्च झेपत नाहीं. नियमाप्रमाणें बांधणें आवांक्याबाहेर गेलें कीं मनुष्य थोडेंसें कमी मजबूत घर बांधतो असें होत नाहीं. तो नियमच बाजूस ठेवतो आणि अंदाजानें बांधतो. म्हणून नियम अवास्तव कडक असणें हेंही एक प्रकारें धोक्याचेंच आहे.

मग काटकसरी घरमालकाचें म्हणणें तरी मान्य करावें काय? तेंही नाहीं. कारण बर्फाचा आणि वाऱ्याचा संबंध नाहीं हें आपलें गृहीत खरें नव्हे. हिमालयांत हिवाळ्यांत बर्फ येतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांबरोबर. त्या वेळीं वाराही असतोच. आणि वारा पराकाष्ठेचा नसला तरी कांहींना कांहीं असणारच. त्याचप्रमाणें मोठा वारा आला त्या दिवशीं छपरावर बर्फ पराकाष्ठेचा नसेल, पण थोडाफार असूं शकेल.

यांतून मार्ग निघाला तो असा. कॅनडांतील इंजिनियर कार्ल टर्क्स्ट्रा यांनीं १९७० च्या सुमारास एक सोपें सूत्र मांडलें, आणि तें पुढें त्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. सूत्र असें : एका वेळीं एकाच भारास मुख्य माना आणि तो त्याच्या पराकाष्ठेस पोंचला आहे असें धरा, इतर भार त्या क्षणीं सहजगत्या जेवढे असतील तेवढेच धरा. मग पाळी बदला. पहिल्यानें बर्फ मुख्य आणि वारा सोबती. नंतर वारा मुख्य आणि बर्फ सोबती. ज्या जोडींत छपरावर अधिक ताण येईल, त्या जोडीस पुरेल असें छप्पर बांधा. आपल्याकडे लग्नघरीं कुटुंबांतल्या सगळ्यांनाच त्या दिवशीं अग्रपूजेचा मान मिळत नाहीं. एक मुख्य, बाकीचे बरोबरचे. तसाच हा विचार आहे.

२००२ सालच्या युरोपीय नियमावलींत हा विचार आंकड्यांत बसविलेला आहे. वारा सोबती असेल तेव्हां तो पूर्ण न धरतां त्याचा ०.६ भाग धरावा. बर्फ सोबती असेल तेव्हां समुद्रसपाटीपासून हजार मीटरांपर्यंतच्या ठिकाणीं त्याचा ०.५ भाग, आणि त्याहून उंच ठिकाणीं ०.७ भाग. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड या देशांत सर्वत्रच ०.७. हा फरक कां, हें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल. सखल प्रदेशांत बर्फ पडतो आणि चार दिवसांत वितळतो; वाऱ्याशीं त्याची भेट क्वचितच होते. उंच पहाडांत आणि उत्तरेच्या देशांत तो महिनेच्या महिने छपरावर बसून असतो. वारा केव्हांही आला तरी त्याला बर्फ तेथें हजर सांपडतो. म्हणून तेथें सोबत्याचा वांटा मोठा.

एक कल्पित उदाहरण घेऊं. उंचावरच्या एका घराच्या उभट छपराचें स्वतःचें वजन दर चौरस मीटरास ४० किलो आहे. गुणक वगैरे लावून बर्फ १०० किलो, आणि वाऱ्याचा खालीं पडणारा दाब ६० किलो आला. सरळ बेरीज केली तर २०० किलो होतात. आतां बर्फ मुख्य धरूं : ४० अधिक १०० अधिक साठाचे सहा-दशांश, म्हणजे ३६, एकूण १७६. वारा मुख्य धरूं : ४० अधिक ६० अधिक शंभराचे सात-दशांश, म्हणजे ७०, एकूण १७०. यांतला मोठा आंकडा १७६, तो धरावयाचा. काटकसरी घरमालकानें मात्र ४० अधिक १०० असे १४० च धरले असते, आणि ३६ किलोंची तूट राहिली असती. सुरक्षिततेसाठीं नियमावली हे सर्व आंकडे आणखी कांहीं पटींनीं वाढवून घेते. तो गुणाकार मी येथें सोपेपणासाठीं वगळला आहे.

आपल्या भारतीय नियमांतही हेंच धोरण दिसतें. काँक्रीटच्या बांधकामाची २००० सालची नियमावली घ्या. इमारतीचें स्वतःचें वजन आणि वापराचा भार, एवढे दोनच एकत्र येत असतील तेव्हां दोन्ही दीडपट करून घ्यावे असें ती सांगते. त्यांत वारा हा तिसरा आला म्हणजे तिन्ही भार १.२ पटच करावे. तिघांचा एकदम कळस होण्याचा संभव कमी, म्हणून पट कमी. आणि छपरावर बर्फ असेल तेथें वापराच्या भाराच्या जागीं बर्फाचा भार धरावा, असें भारतीय मानक ८७५ चा पांचवा भाग सांगतो.

येथपर्यंतचा हिशेब ऐकून कोणास वाटेल कीं, प्रश्न सुटला. पण निसर्ग एवढ्यावर थांबत नाहीं. वारा हा बर्फाचा केवळ सोबती नसून तो बर्फाचा हमालही आहे. तो बर्फ एका जागेवरून उचलतो आणि दुसऱ्या जागीं नेऊन टाकतो. त्यामुळें छपरावर एकूण बर्फ फारसा नसला तरी एखाद्या कोपऱ्यांत त्याचा डोंगर होतो. मोठ्या इमारतीस लागून एक बसकी पडवी आहे असें समजा. वरच्या छपरावरचा बर्फ वारा ढकलीत आणतो, आणि तो भिंतीच्या पायथ्याशीं पडवीवर टाकतो. तेथें वाऱ्याचा जोर मंदावतो, म्हणून बर्फ तेथेंच सांचत राहतो. युरोपीय नियमावलींत अशा जागीं बर्फाचा गुणक प्रसंगीं चारपर्यंत जातो. सपाट छपरावर जमिनीवरील भाराचे आठ-दशांश, आणि या कोपऱ्यांत त्याच भाराची चौपट! म्हणून जुन्या घराशेजारीं नवी उंच इमारत उठली कीं जुन्या घराचें छप्पर आपोआप धोक्यांत येतें. त्याच्या एका वाशालाही कोणीं हात लावलेला नसतो, तरी त्यावरचा भार बदललेला असतो.

दुतर्फा उताराच्या छपरावरही असेंच होतें. वाऱ्याच्या समोरचें पाखें झाडल्यासारखें स्वच्छ होतें, आणि आढें ओलांडून बर्फ पलीकडच्या पाख्यावर जमतो. एका बाजूस थोडा, दुसऱ्या बाजूस पुष्कळ. सामान्य मनुष्यास वाटेल कीं, अर्धेंच छप्पर भरलें, म्हणजे धोका अर्धा झाला. कमानींच्या आणि घुमटांच्या बाबतींत पुष्कळदां याच्या उलट असतें. कमान दोन्ही बाजूंनीं सारखी दाबली तर ती तो भार सुखानें पेलते. एकाच बाजूनें दाबली तर ती वांकूं लागते. १९६३ च्या जानेवारींत रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथें प्रदर्शनाच्या इमारतीचा लोखंडी जाळीचा, सुमारें ९३ मीटर व्यासाचा घुमट हिमवादळानंतर आंत दबून कोसळला. त्यावर बर्फ सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता, ठिकठिकाणीं ढीग झाले होते. म्हणून आतां इंजिनियरास बर्फाचा हिशेब दोनदां करावा लागतो. एकदां सर्वत्र सारखा धरून आणि एकदां असमान धरून.

आतां तिसरी गोष्ट सांगतों. माझ्या मतें या विषयांतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वारा छपराला वर ओढतो हें आपण पाहिलें. त्याला खालीं धरून ठेवतें तें छपराचें वजन. मग छपरावर बर्फ असला तर तो वाऱ्याच्या विरुद्ध आपला मदतगारच नव्हे काय? मघाच्या ४० किलोंच्या छपरावर वाऱ्याची ओढ ७० किलोंची आली असें समजा. त्यावर १०० किलो बर्फ बसला असेल तर छप्पर जागचें हलणार नाहीं. परंतु बर्फ नसेल त्या दिवशीं तेंच छप्पर दर चौरस मीटरास ३० किलोंच्या जोरानें वर उचललें जाईल. आणि वाऱ्यानें यावयास बर्फाची परवानगी घेतलेली नसते. यावरून असा नियम निघतो कीं, जो भार आज आहे आणि उद्यां नसेल, त्याचा त्रास पुरेपूर हिशेबांत घ्यावा, पण त्याच्या मदतीवर कधींही विसंबूं नये. मघां उल्लेखिलेली काँक्रीटची नियमावली तर याहून सावध आहे. छपराचें स्वतःचें वजन कायमचें असूनही, तें जेव्हां आपल्या मदतीस येत असेल तेव्हां तें ०.९ पटच, म्हणजे शेंकडा दहानें कमी धरावें, आणि वारा मात्र दीडपट धरावा, असें ती सांगते. शत्रूस मोठा समजावें आणि मित्रावर थोडा कमी भरंवसा ठेवावा, असें हें व्यवहारज्ञान आहे.

हें सर्व गणित अलीकडचें असलें तरी त्यामागचें शहाणपण पहाडांतल्या लोकांस पूर्वापार ठाऊक आहे. लाहौलमधील जुन्या घरांचीं छपरें मातीचीं आणि सपाट असतात. तेथील लोक प्रत्येक हिमपातानंतर लांकडी फावडीं घेऊन वर चढतात आणि बर्फ खालीं लोटून देतात. म्हणजे छपराच्या मजबुतीचा कांहीं भाग माणसांच्या मनगटांत असतो. ही पद्धत उत्तम, पण ती घरांत धडधाकट माणसें आहेत तोंवरची. तरुण मंडळी हिवाळ्यांत खालच्या शहरांत निघून गेलीं आणि घरांत म्हातारा-म्हातारीच उरलीं, तर त्या छपराचा हिशेब बदलतो. म्हणून नव्या बांधणींत, कोणीं बर्फ काढीलच असें इंजिनियरानें धरूं नये. हिमाचलांतील कित्येक गांवीं छपरावर दगडी फरश्या घालतात. त्यांच्या वजनामुळें वारा तीं छपरें सहसा उचलूं शकत नाहीं. मात्र हिमालय हा भूकंपाचाही प्रदेश आहे, आणि जमीन हालूं लागली कीं हेंच वजन घरावर उलटतें. तेव्हां एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटास आमंत्रण देत नाहीं ना, हें सदैव पाहावें लागतें.

आणखी एक इशारा दिला पाहिजे. भारांचा हिशेब बिनचूक असला म्हणजे छप्पर सुरक्षित झालें असें नव्हे. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचें प्रचंड छप्पर १९७८ सालच्या १८ जानेवारीस पहांटे बर्फाखालीं कोसळलें. त्याच्या कांहीं तासच आधीं तेथें सुमारें पांच हजार माणसें खेळ पाहत बसलीं होतीं. सुदैवानें कोसळण्याच्या वेळीं आंत कोणी नव्हतें. त्या रात्रींचा बर्फ छपरानें पेलावा असें ठरलें होतें त्याहून कमीच होता. दोष सांगाड्यांत होता. दाबाखालीं येणाऱ्या बारीक लांब कांबींना मधून पुरेसा आडवा आधार नव्हता, आणि त्या वांकल्या. हिशेबांतला भार आणि प्रत्यक्षांतला सांगाडा, दोन्ही तपासणारे डोळे पाहिजेत.

आपण म्हणाल, मुंबई-पुण्यास बर्फ पडत नाहीं. मग आम्हांस या चर्चेचा उपयोग काय? उपयोग आहे. आपल्याकडे बर्फ नाहीं, म्हणजे वाऱ्याच्या ओढीविरुद्ध छपराला त्याच्या स्वतःच्या वजनापलीकडे कसलाही आधार नाहीं. आजकाल शहरांत गच्चीवर पत्र्याचें छप्पर घालण्याची रीत पडली आहे. अशा पत्र्याचें वजन दर चौरस मीटरास जेमतेम चार-पांच किलो असतें. मुंबईच्या वाऱ्याचा ११८ किलोंचा मूळ दाब आपण मघां पाहिला. त्याच्या निम्म्यानेंच जरी ओढ लागली, तरी ती पत्र्याच्या वजनाच्या दसपटीहून अधिक होते. म्हणजे तो पत्रा तेथें राहतो तो वजनानें नव्हे, तर केवळ खिळ्यांच्या आणि आंकड्यांच्या जोरावर. निसर्ग चक्रीवादळ २०२० सालच्या ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूस पुष्कळ घरांचीं छपरें उडालीं, तीं याच ओढीनें. पत्रा किती जाड आहे हें आपण कारागिरास आवर्जून विचारतों. तो वाशांना कशानें धरला आहे, वासे तुळईस कशानें धरले आहेत आणि तुळई भिंतीस कशानें धरली आहे, हें मात्र क्वचित् विचारतों. ही सांखळी छपरापासून पायापर्यंत कोठेंही तुटतां कामा नये. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांस मधल्या पत्र्यांपेक्षां अधिक खिळे पाहिजेत, कारण ओढ तेथेंच अधिक असते. गंजलेला आंकडा पावसाळ्यापूर्वीं बदलावा. एवढें केलें तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

तेव्हां, श्रोतेहो, आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें : बर्फ आणि वारा यांची आंधळी बेरीज करूं नये, आणि त्यांतल्या एकास विसरूंही नये. प्रत्येकास पाळीपाळीनें मुख्य मानून दुसऱ्यास त्याच्या त्या वेळच्या मापानें बरोबर घ्यावें. वारा बर्फाला कोठें नेऊन टाकील हें पाहावें. आणि बर्फ नसेल त्या दिवसाचाही विचार करावा. असा विचार करून बांधलेलें छप्पर दिसावयास इतर छपरांसारखेंच असतें. त्यांतला फरक एखाद्या वादळी रात्रीं समजतो, आणि त्या रात्रीं आंत माणसें झोंपलेलीं असतात.